कानाचं नवं मॉडेल येत नाही

सप्टेंबर जवळ आला की तंत्रज्ञानाच्या बातम्यांना ऊत येतो. अ‍ॅपल कंपनी यंदा काय आणणार? नव्या इअरबड्समध्ये कॅमेरा असेल का? बॅटरी किती तास चालेल? किंमत किती असेल? कंपनी स्वतः तोंड उघडत नाही. त्यामुळे कुठल्या तरी कारखान्यातून फुटलेला फोटो, कुणा जाणकाराचा अंदाज आणि कुणाची तरी इच्छा या तिन्हींची मिळून बातमी तयार होते. नरखेडसारख्या तालुक्याच्या गावातही मोबाईलच्या दुकानासमोर उभी असलेली पोरं या अंदाजांवर हिरीरीने बोलताना दिसतात. त्यातली फार थोडी मुलं ती महागडी वस्तू विकत घेणार असतात. पण त्या वस्तूची शंभर-दीडशे रुपयांची नक्कल काही महिन्यांत आठवडी बाजारातल्या ताडपत्रीवर येणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

सरकारी रुग्णालयात काम करणारा डॉक्टर म्हणून मलाही या अंदाजांत रस आहे. कारण वेगळं आहे. गाणी ऐकायच्या यंत्रात वाढलेल्या प्रत्येक सोयीचा हिशेब शेवटी कानात होतो. गेल्या पंचेचाळीस वर्षांत ही यंत्रं लहान झाली, स्वस्त झाली, त्यांची बॅटरी वाढली, गाण्यांना तोटा राहिला नाही. कान मात्र तोच राहिला.

कॅसेट संपायची, तेव्हा कानाला सुट्टी मिळायची

चालता-फिरता एकट्याने गाणी ऐकायची खरी सुरुवात सोनी कंपनीच्या वॉकमनने झाली. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये तो विक्रीला आला. त्याला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या. दोघांनी मिळून ऐकावं अशी कल्पना होती. त्यावर एक खास बटणही होतं. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी होऊन छोट्या मायक्रोफोनमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. कानात गाणं असताना बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो, हे त्या पहिल्या यंत्राच्या कर्त्यांनाही कळलं होतं.

आपल्याकडे वॉकमन आला तो कुणाच्या तरी आखातातल्या नातेवाईकाकडून, नाहीतर नागपूरला बर्डीवरच्या दुकानातून. कॅसेटची एक बाजू तीस किंवा पंचेचाळीस मिनिटांत संपायची. मग ती उलटी करायची. दोन पेन्सिल सेल उतरले की गायकाचा आवाज लांबायला लागायचा. सेल महाग, म्हणून कॅसेट मागे नेण्यासाठी आपण पेन वापरायचो. तेव्हा हा सगळा वैताग वाटत असे. आज डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर त्या वैतागातच कानाचं संरक्षण होतं. यंत्र थकत होतं, म्हणून कानाला विसावा मिळत होता.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी अ‍ॅपलने आयपॉड दाखवला. पाच गिगाबाइट जागा, खिशात मावणारी एक हजार गाणी आणि दहा तासांची बॅटरी. त्यानंतर दर वर्षी पुढचा आयपॉड कसा असेल, याचे अंदाज बांधायचा जणू एक उद्योगच जगभर उभा राहिला. त्याला मोठा पडदा येणार, त्यात फोन येणार, अशा वावड्या उठत राहिल्या. जानेवारी २००७ मध्ये आयफोन जाहीर झाला आणि त्यातल्या पुष्कळ खऱ्या ठरल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आलेल्या १६० गिगाबाइटच्या आयपॉड क्लासिकमध्ये चाळीस हजार गाणी मावत आणि कंपनीच्या सांगण्यानुसार तो एकदा चार्ज केला की चाळीस तास वाजत असे.

हा चाळीस तासांचा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा येणार आहे.

२०१६ मध्ये वायर गेली, एअरपॉड्स आले. मे २०२२ मध्ये अ‍ॅपलने शेवटचा आयपॉडही बंद केला. वेगळ्या प्लेअरची गरजच उरली नव्हती, कारण प्रत्येकाच्या हातातला फोन हाच प्लेअर झाला होता. गाणी संपत नाहीत, डेटा स्वस्त आहे, बॅटरी दिवसभर पुरते. सकाळी कानात घातलेलं बोंडूक रात्री झोपताना निघतं, काही जणांचं तर झोपेतही निघत नाही. अंदाज बांधणाऱ्यांनी पडद्याचा विचार केला, रंगाचा केला, किमतीचा केला. ऐकण्याचे तास वाढले की आतल्या पेशींचं काय होईल, हा अंदाज मात्र क्वचितच कुणी बांधला.

आत काय घडतं?

आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती पडद्यावर आदळते, तीन इवल्या हाडांतून पुढे जाते आणि गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या एका नळीत पोहोचते. तिला आम्ही कॉक्लिया म्हणतो. ही नळी उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब भरेल. तिच्यात द्रव असतो आणि ओळीने मांडलेल्या केसपेशी असतात. प्रत्येक कानात बाहेरच्या ओळींतल्या सुमारे बारा हजार आणि आतल्या ओळीतल्या सुमारे साडेतीन हजार. त्यांच्या डोक्यावर सूक्ष्म केसांचे झुबके असतात. द्रव हलला की झुबके वाकतात आणि त्या वाकण्याचा विजेचा संदेश होऊन मेंदूकडे जातो. आपण जन्मभर जे ऐकतो, आईची हाक, पहिल्या पावसाचा पत्र्यावरचा आवाज, ते सगळं या पंधरा-सोळा हजार पेशींच्या भरवशावर.

उभ्या गव्हातून एकदा माणूस गेला तर ताटं वाकतात आणि दुसऱ्या दिवशी सरळ होतात. त्याच वाटेने रोज दहा माणसं गेली तर तिथे पायवाट पडते, मग त्या पट्ट्यात गहू येत नाही. केसपेशींचं तसंच आहे. लग्नात डीजेसमोर दोन तास नाचलं की घरी आल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, किर्र आवाज येतो आणि सकाळपर्यंत ठीक वाटतं. तेव्हा ताटं वाकलेली असतात. हे वारंवार झालं की पेशी मरतात. माणसाच्या कानात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानात ती उगवते, हे १९८०च्या दशकाच्या शेवटी शास्त्रज्ञांना दिसलं आणि तेव्हापासून माणसात ते कसं घडवता येईल, याचा शोध चालू आहे. आज तरी असं कुठलंही औषध आमच्याकडे नाही, नागपुरात नाही आणि न्यूयॉर्कमध्येही नाही.

"सकाळपर्यंत ठीक वाटतं" या समाधानालाही २००९ मध्ये धक्का बसला. अमेरिकेतल्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांना काही वेळ मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणचाचणी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत होत्या. पण पेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे दुवे मोठ्या संख्येने कायमचे तुटलेले होते. माणसातही असंच घडत असावं, असा रास्त संशय आहे आणि त्यावर अभ्यास सुरू आहेत. चाचणी चांगली येते, पण गर्दीत बोललेलं समजत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या तरुणांचं कोडं कदाचित यातून सुटेल.

आधी 'स' जातो, मग संवाद

मोठ्या आवाजाने होणारं नुकसान बारीक, उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होतं, साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास. बोलण्यातले स्वर जाड, खालच्या पट्टीतले असतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं उंच पट्टीतली. त्यामुळे माणसाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. 'साठ' म्हटलं की 'आठ' ऐकू येतं. संत्र्याच्या सौद्यात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला या दोन शब्दांतला फरक वेगळा सांगायला नको. असा माणूस "मला ऐकू येत नाही" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "आजकाल लोक तोंडातल्या तोंडात बोलतात." म्हणूनच हा आजार घरच्यांच्या आधी लक्षात येतो. आमच्या ओपीडीत मुलाला घेऊन आलेली आई सांगते, "डॉक्टरसाहेब, हाक मारली तरी ओ देत नाही जी. आमाले वाटलं, मुद्दामच करते." मुलाची तक्रार वेगळी असते, "कानात सारखं किर्र वाजते जी, रात्री झोप लागत नाही."

हा किर्र आवाज, म्हणजे टिनिटस, हा आजार हसण्यावारी नेऊ नये. बाहेर काही नसताना आत चोवीस तास रातकिडा ओरडत राहतो. दिवसा कामात तो दबतो, रात्री खोली शांत झाली की डोकं वर काढतो. त्याच्यावर मात करण्यासाठी मुलं पुन्हा इअरफोन घालून गाणी लावतात आणि दुष्टचक्र पूर्ण होतं.

डेसिबलचा हिशेब

डेसिबलचे आकडे नेहमीच्या बेरजेसारखे नसतात. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ऐकताना आपल्याला मात्र किंचितच फरक जाणवतो. फसगत इथेच होते. व्हॉल्यूमची पट्टी एक-दोन घरं वर गेली, तेवढ्याने काय होतंय, असं वाटतं. कानावरचा भार तेवढ्यात दुप्पट झालेला असतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ मध्ये वैयक्तिक श्रवण उपकरणांसाठी एक मानक तयार केलं. त्यानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंत चालतो. लहान मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबल आहे. आता तीन-तीनची शिडी चढून पाहा. ८३ डेसिबलला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच, ९२ ला अडीच तास. ९५ ला सव्वा तास. १०० डेसिबलला आठवड्याची सगळी शिदोरी वीस-पंचवीस मिनिटांत संपते. बहुतेक फोन-इअरफोनची जोडी पूर्ण आवाजात १०० डेसिबलच्या आसपास किंवा त्याच्याही वर जाते. म्हणजे सोमवारी सकाळी पूर्ण आवाजात पाच-सहा गाणी ऐकली की रविवार रात्रीपर्यंतचा वाटा खाऊन झाला.

चाळीस तास बॅटरी चालणाऱ्या आयपॉडची आठवण इथे येते. यंत्राची एका चार्जिंगची ताकद आणि कानाची आठवडाभराची सहनशक्ती एकाच आकड्यावर येऊन थांबली होती, तीही आवाज ८० डेसिबलवर ठेवला तर. त्यानंतर यंत्रं पुढे गेली. कान तिथेच थांबला.

आणि कान फक्त इअरफोनचा आवाज मोजत नाही. तो सगळं एकाच वहीत लिहितो. दिवसा बिनकेबिनचा ट्रॅक्टर, हंगामात थ्रेशर, बागेत फवारणीचा ब्लोअर, लग्नात धुमाळ आणि डीजे, गणपतीत पुन्हा डीजे आणि उरलेल्या वेळेत इअरफोन. आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे नियम २००० सालचे आहेत. वरातीच्या गाडीसमोर उभं राहून ही मर्यादा आठवली तर हसू येतं, नंतर रडू.

नरखेडचे तीन कान

आमच्या तालुक्यात मला तीन प्रकारचे धोक्यातले कान दिसतात.

पहिला कान भरतीच्या मुलाचा. पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं बघा. सैन्य, पोलीस, राखीव दल यांच्या भरतीसाठी वर्ष-दोन वर्षं राबतात. छाती, उंची, सोळाशे मीटर सगळं मोजतात. धावताना जोश यावा म्हणून कानात ठोके देणारी गाणी पूर्ण आवाजात. या मुलांना मी आवर्जून सांगतो की वैद्यकीय तपासणीत कानही बघतात. सैन्यातल्या अधिकारीपदाच्या निकषांत तर ६१० सेंटिमीटर, म्हणजे साधारण वीस फुटांवरून दबक्या आवाजात बोललेलं प्रत्येक कानाला वेगवेगळं ऐकू यावं लागतं. शिपाई भरतीतही दोन्ही कान चांगले लागतात. कुजबुजीत सगळा खेळ बारीक, उंच पट्टीच्या आवाजांचा असतो आणि इअरफोनने नेमकी तीच पट्टी आधी खाल्लेली असते. दोन वर्षं गाळलेला घाम दोन मिनिटांच्या तपासणीत वाया जावा, याहून मोठं दुःख कोणतं? घरची तीन एकर संत्री पाण्याअभावी वाळलेली असते आणि त्या भरतीवर सगळ्या घराची आशा असते, तेव्हा ते दुःख एकट्या मुलाचं राहत नाही.

दुसरा कान रोज नागपूरला ये-जा करणाऱ्याचा. नरखेड हे नागपूर-इटारसी मार्गावरचं स्टेशन. कॉलेज, नोकरी, क्लास यासाठी काटोल-नागपूर करणारे कितीतरी जण. डब्याच्या उघड्या खिडकीतून येणारा चाकांचा खडखडाट मुळातच मोठा असतो. स्वस्त इअरफोन कानात सैल बसतो, बाहेरचा आवाज आत येऊ देतो. मग गाणं खडखडाटाच्या वर न्यावं लागतं. घरी पट्टीच्या निम्म्यावर ऐकणारा मुलगा गाडीत शेवटच्या टोकाला जातो आणि तिथेच रोजचे दोन-तीन तास काढतो. स्टेशनवर उतरून रूळ ओलांडताना कानातलं बोंडूक तसंच असेल तर प्रश्न फक्त कानाचा उरत नाही, जिवाचा होतो.

तिसरा कान ओलिताला जाणाऱ्याचा. थ्री फेज लाईन रात्री येते, म्हणून रात्री बागेत जावं लागतं. एकटेपणा आणि झोप घालवायला कानात गाणी किंवा रील्स. त्याचं मला पूर्ण समजतं. पण अंधारात आपला खरा पहारेकरी डोळा नसतो, कान असतो. रानडुकराची चाहूल, पालापाचोळ्यातली सळसळ, मोटारीचा बदललेला आवाज हे सगळं कानच सांगतो. त्याला रात्री बोळा घालू नये. गाणं लागतंच असेल तर फोन खिशात ठेवून त्याच्याच स्पीकरवर हळू लावावं, कान मोकळे राहतात.

मागितलं तेव्हा कंपन्यांनी दिलं

या गोष्टीला एक आशादायक बाजूही आहे. फ्रान्समध्ये अशा प्लेअरच्या आवाजावर १०० डेसिबलची कायदेशीर मर्यादा होती. २००२ मध्ये आयपॉड ती ओलांडतो म्हणून तिथे त्याची विक्री थांबली आणि मग कंपनीने सॉफ्टवेअर बदलून आवाज मर्यादेत आणला. २००६ च्या सुरुवातीला अमेरिकेत एका ग्राहकाने कानाला धोका असल्याचा दावा कोर्टात दाखल केला. तो दावा पुढे फेटाळला गेला, पण त्याच वर्षी मार्चमध्ये आयपॉडला कमाल आवाज ठरवून कुलूप लावायची सोय मिळाली. पालकांना ते कुलूप लावता येत होतं. आज बऱ्याच फोनमध्ये किती आवाजात किती वेळ ऐकलं याची नोंद आणि इशारा देण्याची सोय आहे. ती कुणाच्या तरी मागणीमुळे, कुठल्या तरी नियमामुळे आली.

आवाज रद्द करणाऱ्या हेडफोनचंही तसंच. अमर बोस यांना, ज्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेले होते, १९७८ मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या घरघरीमुळे हेडफोनमधलं संगीत नीट ऐकू येईना. त्यातून त्यांनी या तंत्राचं गणित मांडायला घेतलं. बाहेरच्या आवाजाच्या नेमकी उलट लाट तयार करून ती घरघर मारायची. हे तंत्र चैनीचं वाटतं, पण कानाच्या दृष्टीने ते कामाचं आहे. बाहेरचा गोंगाट कमी झाला की गाणं हळू ठेवूनही ऐकू येतं. गाडीत बसून ते वापरावं, रस्त्यावर चालताना बंद करावं.

सप्टेंबर २०२४ मध्ये तर काटा उलटा फिरला. अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रो या इअरबड्सना श्रवणयंत्राचं काम करू देणाऱ्या सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजुरी दिली. अठरा वर्षांवरच्या आणि सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्यांसाठी ते आहे. श्रवणयंत्र लावायला लाजणारा माणूस इअरबड मात्र मिरवत लावतो. त्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे. पण ज्या वस्तूने कान बिघडू शकतो, तिनेच तो सावरायचा, यातला विरोधाभासही लक्षात घ्यावा. शिवाय श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, मेलेली पेशी जिवंत करत नाही. चष्मा लावल्यावर अक्षर स्वच्छ दिसावं, तसं स्वच्छ ऐकू येईलच असं नाही.

म्हणून नव्या यंत्राबद्दल अंदाज बांधायचाच असेल तर मी वेगळे प्रश्न विचारीन. आवाजाची सुरक्षित मर्यादा डबा उघडल्यापासूनच लागू असेल का, की ती सेटिंगच्या सातव्या पानावर लपलेली असेल? आठवड्याचा वाटा संपला की यंत्र स्वतःहून आवाज उतरवेल का? आणि सर्वांत महत्त्वाचं, ही सोय पंचवीस हजारांच्या वस्तूपुरती राहील, की आठवडी बाजारातल्या दीडशेच्या इअरफोनलाही मिळेल? २०१८ चं मानक ऐच्छिक आहे. ते स्वस्त मालापर्यंत पोहोचवायचं असेल तर ग्राहकांनी विचारायला हवं. आमच्या तालुक्यातले कान त्या दीडशेच्याच वस्तूवर अवलंबून आहेत.

तोवर आपण काय करायचं?

व्हॉल्यूमची पट्टी साठ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका आणि सलग तासभर ऐकलं की दहा-पंधरा मिनिटं कान मोकळे ठेवा. ही मर्यादा शांत खोलीत बसून ठरवा, गाडीत बसून नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही इअरफोनचा वापर दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नको, मध्ये विश्रांती घ्या, असा सल्ला दिला आहे.

हातभर अंतरावरच्या माणसाला तुमच्याशी ओरडून बोलावं लागत असेल, किंवा तुमच्या कानातलं गाणं शेजाऱ्याला ऐकू येत असेल, तर आवाज जास्त आहे. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. मोजायचंच असेल तर नागपूरच्या नीरी संस्थेने आवाज मोजणारं 'नॉइज ट्रॅकर' हे मोबाईल अ‍ॅप तयार केलं आहे. आपल्या घरासमोरच्या वरातीचा आवाज एकदा तरी मोजून बघा.

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कमाल आवाजाची मर्यादा लावा. मुलांच्या फोनमध्ये ती आई-वडिलांनी लावावी. इअरफोन घेताना कानात नीट बसणारा घ्या. सैल बसला की आवाज वाढवावाच लागतो.

एकाचा इअरफोन दुसऱ्याने वापरू नये. पावसाळ्यात कानात बुरशी झालेले रुग्ण आमच्याकडे रांगेने येतात. ओल्या कानात बोंडूक घालून तासन्‌तास ठेवलं की बुरशीला आयतं घर मिळतं. बोंडकं कोरड्या फडक्याने पुसा. कान खाजला म्हणून काडी, पिन, किल्ली घालू नका आणि कोमट तेलही ओतू नका. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन नसतं दुखणं मागे लागतं.

ट्रॅक्टर, थ्रेशर, ब्लोअरवर काम करताना कानात मेडिकल स्टोअरमध्ये मिळणारे फोमचे बोळे घाला. तिथे इअरफोन लावून गाणी ऐकणं म्हणजे आगीत तेल.

कानात सतत आवाज येत असेल, गर्दीत बोलणं समजत नसेल, टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटत असेल तर तपासणी करून घ्या. ग्रामीण रुग्णालयात कान तपासून मळ आहे की पडद्याचं दुखणं, हे कळतं. गरज असेल तर नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात ऑडिओमेट्री होते. वीस-पंचवीस मिनिटांची, न दुखणारी तपासणी आहे.

आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. एका कानाने अचानक, एका दिवसात ऐकू येईनासं झालं तर ती तातडीची वेळ आहे. "सर्दीने दडा बसला असेल" म्हणत आठवडा घालवू नका. आतल्या नसेचा दोष असेल तर पहिल्या काही दिवसांत सुरू केलेल्या औषधांचाच उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी विषाणूच्या संसर्गामुळे आपल्याला अचानक असा श्रवणदोष झाल्याचं जाहीर केलं. त्यांच्या आजाराचं कारण इअरफोन नव्हतं. तरीही ते सांगताना त्यांनी आपल्या चाहत्यांना आणि तरुण सहकाऱ्यांना मोठ्या आवाजातलं संगीत आणि हेडफोन यांपासून सावध राहायला सांगितलं. जन्मभर स्वरांवर जगलेल्या कलावंताचा हा सल्ला डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा मोलाचा मानावा.

दर वर्षी ३ मार्चला जागतिक श्रवण दिन असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत जगात सुमारे अडीचशे कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष असेल. शंभर कोटींहून अधिक तरुणांना तो धोका केवळ मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे आहे. म्हातारपणाने येणारा बहिरेपणा अनेकांना चुकत नाही. पण हा तरुणपणी, स्वतःच्या बोटाने ओढवून घेतलेला बहिरेपणा पूर्णपणे टाळता येतो आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. ते बोट पट्टीवर खाली सरकवायचं, एवढंच.

पुढच्या सप्टेंबरमध्ये नवी यंत्रं येतील, जुनी यंत्रं अर्ध्या किमतीत मिळतील, दुकानदार अदलाबदलीची सवलतही देईल. संत्र्याचे पैसे हाती आले तर जरूर घ्या, गाणी मनसोक्त ऐका. गाणं ऐकू नका, असं कुठलाच डॉक्टर सांगणार नाही. फक्त जुना फोन देऊन नवा घेता येतो, तसे जुने कान देऊन नवे घ्यायची योजना कुठल्याही दुकानात नाही, हे लक्षात ठेवून आज रात्री घरातल्या प्रत्येक फोनमध्ये आवाजाची मर्यादा लावून टाका.